नऊ नंबरचं दही

“गुटी दिली का?” अंजनाबाईंनी उंबऱ्याबाहेरून विचारलं.

“छे हो! तुमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना, अंगावरच्या दुधाशिवाय तोंडात काही घालायचं नाही म्हणून,” आजी म्हणाल्या. त्यांच्या मागे फरशीवर सहाण होती, तिच्यावर उगाळलेलं हळकुंड अजून ओलं होतं आणि वेखंडाचा वास पार जिन्यापर्यंत येत होता.

“आन् मध?”

“मध म्हणजे काय देणं झालं का? एक बोट चाटवलं. मधाशिवाय वाचा कशी फुटायची पोराला?”

मी वहीत सात नंबरच्या नमुन्यापुढे ‘बाद’ असं लिहिलं. तरी बाटली घ्यावीच लागली, कारण आजींनी ती हौसेने भरून ठेवली होती. त्यांनी ती उंबऱ्याच्या कडेला ठेवली आणि अंजनाबाईंना म्हणाल्या, “तिथनं उचला.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही आत या ना, चहा टाकलाय.” नातवाची शी त्यांनी आपल्या हातांनी बाटलीत भरली होती, त्याचं त्यांना काही नव्हतं. अंजनाबाईंचं आडनाव मात्र त्यांनी मागच्या खेपेलाच विचारून घेतलं होतं. मी आत गेलो. अंजनाबाई बाटली घेऊन जिन्यात उभ्या राहिल्या. चहा फक्कड झाला होता, खोटं कशाला बोलू.

ही पंच्याण्णव सालची गोष्ट. मी अनंत, राहणार सांगली, नोकरी मिरजेत. एका ट्रस्टच्या दवाखान्यामागे दोन खोल्यांत आमची प्रयोगशाळा होती आणि मी तिथला तंत्रज्ञ. शब्द मोठा आहे. काम म्हणाल तर तान्ह्या पोरांची शी. गावात मित्र भेटले की विचारायचे, “काय अनंता, आज किती घरची?” आणि फिदीफिदी हसायचे. हसोत बापडे. ही गोष्ट काही हसण्याची नाही. ही वाटीभर दह्याची गोष्ट आहे. ते दही एका पोराला हवं होतं, फ्रिजची चावी माझ्या खिशात होती आणि मी ते दिलं नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कुठेकुठे सारवासारव करतोय ते तुम्हाला आपोआप कळेल.

आमच्या शरयू मॅडम सांगलीच्याच. हुशार बाई, तीन वर्षं परदेशात शिकून आलेल्या, आवाज कधी चढायचा नाही. त्यांचं म्हणणं असं : फक्त आईच्या अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळाच्या पोटात काही चांगले जिवाणू राहतात. बाळाच्या शीतून ते बाहेर येतात. ते वेगळे काढायचे, वाढवायचे, आम्लात बुडवायचे, पित्तात बुडवायचे. एवढ्यातून जो जगेल तो माणसाच्या पोटात उतरूनही जगेल. मग त्याला जुलाबाच्या जंतूंसमोर सोडायचं. त्यांना जो रेटून मागे सारेल तो आपला पठ्ठ्या. त्याचं दही लावायचं आणि जुलाबाने मरणाऱ्या पोरांना खाऊ घालायचं. “दरवर्षी किती मुलं मरतात, अनंत,” मॅडम म्हणायच्या, आणि खरंच त्यांचे डोळे भरून यायचे.

अट एकच होती. बाळाच्या पोटात दुधाशिवाय काही गेलेलं नको. गुटी नको, मध नको, साखरपाणी नको, औषध तर नकोच. आता सांगलीत असं बाळ शोधायचं म्हणजे वाळूतून तेल काढायचं. आया बिचाऱ्या ऐकायच्या, पण आज्या कुणाच्या बापाला ऐकतात! आठ घरं झाली, आठही बाद.

तेव्हा एक दिवस नळ्या धुता धुता अंजनाबाई म्हणाल्या, “माज्या आम्रपालीचं घ्या की. बाळंतपणाला आलीया. म्या हाय न्हवं पाळत ठेवायला.”

अंजनाबाई आमच्याकडे हंगामी शिपाई होत्या. वय बेचाळीस, गाव कोरेगावच्या बाजूचं. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन मिरजेत आलेल्या, सातवी शिकलेल्या. नमुने आणणं, काचा धुणं, आणि कुकर लावणं ही त्यांची कामं. कुकर म्हणजे जंतू मारायचं वाफेचं मोठं भांडं. त्याला इंग्रजी नाव आहे, पण आम्ही कुकरच म्हणायचो. काम झालेली प्रत्येक नळी, प्रत्येक बशी आधी त्यात शिजायची आणि मगच बाहेर फेकली जायची. हा नियम मॅडमचा, आणि त्या नियमाला अंजनाबाई कधी चुकल्या नाहीत.

आम्रपालीला मुलगा झाला. नाव कुणाल. मी नमुना घ्यायला त्यांच्या वस्तीत गेलो तेव्हा घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर आणि दोन्हींच्या खाली पाळणा होता. शेजारच्या शालूबाई मधाची वाटी घेऊन दारात आल्या तर अंजनाबाई कमरेला पदर खोचून आडव्या झाल्या.

“शालू, बोट लावलंस तर बोट ऱ्हायचं न्हाई!”

“अगं, रीत हाय ती.”

“रीत तुज्या घरी. हितं मॅडमची रीत.”

आम्रपाली खाटेवर हसत पडली होती. म्हणाली, “सर, आईला एकदा इचारा तुमी, पोरानं श्वास घ्यायला मॅडमची परवानगी हाय का न्हाई?” अंजनाबाईसुद्धा हसल्या. मला तिथेही चहा मिळाला. तो मी घेतला, तेवढं पुण्य माझ्या खात्यावर लिहून ठेवा.

तोच नऊ नंबरचा नमुना.

त्यातला जिवाणू आम्लातून जगला, पित्तातून जगला. जुलाबाच्या जंतूंच्या बशीत ठेवला तर चौथ्या दिवशी त्याच्याभोवती बोटभर रुंदीचं स्वच्छ वर्तुळ पडलं होतं. त्याच्या हद्दीत जुलाबाचा एकही जंतू उरला नव्हता. मॅडम बशी हातात घेऊन कितीतरी वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी अंजनाबाईंना बोलावून सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला डोळा लावायला सांगितला.

“लय बारीक हाय की,” अंजनाबाई म्हणाल्या.

“कोट्यवधी आहेत, अंजनाबाई. सगळे तुमच्या नातवाच्या पोटातले.”

“मग कुटुंब मोटं हाय त्याचं.”

त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. दूध आणून मॅडमनी त्याचं दही लावलं. घट्ट लागलं, आंबटपणा जवळजवळ नाहीच. चमचाभर मी खाल्लं, चमचाभर मॅडमनी. अंजनाबाईंनी हात धुऊन, पुसून, तळहातावर घेतलं आणि डोळे मिटून खाल्लं. “आमच्या कुणालचं,” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर येईल त्याला, अगदी टपालवाल्यालासुद्धा, त्या नऊ नंबरची नळी काचेआडून दाखवायच्या. एवढा अभिमान मी कुठल्या आजीचा पाहिलेला नाही. आणि त्या अभिमानानेच घात केला.

जानेवारीत साताऱ्याकडच्या एका दूधसंघाचे अध्यक्ष आले. त्यांना सगळे आबा म्हणत. पांढरीफेक टोपी, दणकट अंग, बोलणं मोकळं. दह्याचा कारखाना ते टाकणार होते, आमचा जिवाणू त्यांना हवा होता, आणि ते हो म्हणाले तर मॅडमचं काम पाच वर्षं बिनघोर चालणार होतं. मॅडमनी ताक घुसळून ठेवलं होतं. अंजनाबाई नव्या साडीत आल्या होत्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण घरातलंच कार्य समजून नेसल्या असाव्यात.

हे कुठून येतं ते मॅडमनी जरा चाचरतच सांगितलं. आबा गडगडून हसले.

“आवं बाई, लाजताय काय! तान्ह्या लेकराची शी म्हंजे काय शी असती व्हय? आमच्या आयांनी आमची अंगाखांद्यावर झेलली. दूधच ते, वरनं गेलं, खालनं आलं.” त्यांनी पेला उचलला आणि एका दमात अर्धा रिकामा केला. “वा! काय गोड ताक हाय! डब्याच्या झाकणावर त्या लेकराचा फोटूच छापू. कुणाचं हाय लेकरू?”

मॅडमनी तोंड उघडायच्या आत अंजनाबाई दारातून पुढे आल्या. “माज्या नातवाचं हाय, आबा. आणू का त्याला? जवळच ऱ्हातो आमी.”

“आसं?” आबा कौतुकानं म्हणाले. “गाव कंचं, बाई?”

“कोरेगावच्या अंगाचं.”

“आमच्याच मुलखातलं की! कोरेगावच्या अंगाला कुठं? आडनाव?”

अंजनाबाईंनी आडनाव सांगितलं.

“हां,” आबा म्हणाले. “हां, हां.”

बाकी काही नाही. पेला त्यांनी हळूच टेबलावर ठेवला, आवाजसुद्धा झाला नाही. थोड्या वेळाने “जरा हात धुतो” म्हणून ते बाहेर गेले. खिडकीतून मला दिसत होतं. नळाशी त्यांनी तीन चुळा भरल्या, चौथीला घशात बोट घालून खाकरले. अंजनाबाई तेव्हा टेबलाजवळच होत्या. त्यांनी तो अर्धा पेला उचलला आणि मोरीकडे नेला. नव्या साडीचा पदर त्यांनी उगीचच डोक्यावरून घेतला होता.

जाताना आबा मॅडमना म्हणाले, “आमी जातपात मानत न्हाई, बाई. मानत असतो तर आसं उगडं बोललो नसतो. पर दही घराघरात जायचं, देवाच्या निवेदाला जायचं. लोक इचारत्यात. तुमी चांगल्या घरचं लेकरू बगा, कामाचं आपलं पक्कं.”

आता चांगल्या घरचं लेकरू. मॅडमच्या भाचीला, वल्लरीला, तेव्हा नुकतीच मुलगी झाली होती. गोरीपान, गुटगुटीत, फोटोत शोभणारी. तिचा नमुना घेतला, एकतीस नंबर. त्यातून काहीच निघालं नाही. निघणार कसं? मॅडमच्या सख्ख्या बहिणीने नातीला बाराव्या दिवसापासून गुटी चालू केली होती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच!

आठ दिवसांनी दार लावून घेऊन मॅडम मला म्हणाल्या, “अनंत, जिवाणूला जात असते का?”

“नाही, मॅडम.”

“मग तो कोणाच्या नावावर लिहिला म्हणून काय बिघडलं? काम वाचलं तर उद्या हजारो मुलं वाचतील. त्यात अंजनाबाईंच्या वस्तीतलीही असतील.”

मला उत्तर सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण माझ्या दोन मुलांची शाळा, आईचं दुखणं आणि मॅडमच्या हातातला माझा गोपनीय अहवाल, हे सगळं त्या उत्तरापेक्षा मोठं निघालं. वही मी नव्याने लिहून काढली. माझं अक्षर शाळेपासून सुंदर. नऊ नंबरपुढे लिहिलं, ‘बाद’. एकतीस नंबरपुढे ती सगळी चांगली चांगली निरीक्षणं उतरवली. नळ्यांवरची नऊची लेबलं खरवडून एकतीसची लावली. खरवडायला मी अंजनाबाईंनाच बसवलं. दुसरं होतं कोण?

“नऊ नंबर कुठं चालला?” त्यांनी विचारलं.

“बाद झाला.”

“बाद म्हंजी? मेला?”

“तसंच समजा.”

त्यांनी नळी उजेडाकडे धरली, बूच नाकाशी नेलं. “वास त्योच हाय,” म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं आणि नखाने लेबल खरवडायला लागल्या. त्यानंतर टपालवाल्याला नळी दाखवणं बंद झालं.

एप्रिलात कुणालला जुलाब लागले. नऊ महिन्यांचं पोर, भाकरीचा काला खायला लागलेलं, रांगत नळापर्यंत जाणारं. वस्तीतल्या नळाला तेव्हा चार दिवसांआड पाणी यायचं आणि आलं तर गटाराचा वास घेऊन यायचं. आमच्याच पुढच्या दवाखान्यात त्याला ठेवलं. सलाईन झाली, इंजेक्शनं झाली, एक औषध लागू पडेना म्हणून दुसरं, दुसरं पडेना म्हणून तिसरं. दहा दिवसांनी घरी सोडलं. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा सुरू. पुन्हा भरती, पुन्हा औषधं, पुन्हा घरी. महिनाभर हे चाललं. मी एकदा पाहायला गेलो तर आम्रपालीच्या मांडीवर नुसते डोळे होते. कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची.

मे महिन्यातल्या एका सोमवारी अंजनाबाई सकाळी सातलाच येऊन प्रयोगशाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. मॅडम आल्या तशा त्या उठल्या, पण आत गेल्या नाहीत. दारातूनच बोलल्या.

“मॅडम, औषधानं त्याच्या पोटातलं समदं धुऊन निगालं. वाईट गेलं, त्याच्यासंगं चांगलंबी गेलं. तुमीच कालिजाच्या पोरांस्नी सांगता, म्या ऐकलंय. त्याचं चांगलं हाय ते आपल्या फ्रिजात हाय. त्याचं त्याला परत द्या. वाटीभर दही लावून द्या, मॅडम. आजून काय मागत न्हाई.”

मॅडम खुर्चीवर बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, ते नाटक नव्हतं.

“अंजनाबाई, मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण माणसांवरच्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत. लहान मुलाला, त्यातून आजारी मुलाला देण्याची परवानगी नाही. उद्या काही कमी-जास्त झालं तर?”

“आबांनी पेलाभर घेतलं की.”

“ते मोठे आहेत. त्यांनी आपल्या जबाबदारीवर घेतलं.”

“म्या बी घेते जबाबदारी. कागद द्या, सही करते.”

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि मग त्या जे बोलल्या ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तेही शांत आवाजात, समजावणीच्या सुरात. “आणि त्याचं असं आपल्याकडे काही राहिलेलंच नाही हो. नऊ नंबर बाद झाला ना. अनंत, वही दाखवा त्यांना.”

मी वही उघडली. माझा हात मला अडवत नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं. अंजनाबाई वाकून वाचत राहिल्या. एकेक अक्षर वाचलं असणार. नऊ, मग दहा, पानं उलटत पार एकतिसापर्यंत गेल्या आणि थांबल्या.

“अक्षर लय चांगलं हाय तुमचं,” त्या म्हणाल्या आणि झाडू घेऊन कामाला लागल्या.

तो सोमवार बदलीचा होता. जिवाणू जिवंत ठेवायचा तर दर पंधरा दिवसांनी त्याला नव्या नळीत नव्या अन्नावर घालावं लागतं. नव्या नळ्या फ्रिजमध्ये जातात. जुन्यांतही तो जिवंतच असतो, पण ठेवायला जागा नसते, म्हणून त्या कुकरमध्ये शिजवून टाकायच्या. दुपारपर्यंत मी बारा नळ्यांची बदली केली. जुन्या बारा जाळीच्या टोपलीत मोजून ठेवल्या आणि अंजनाबाईंना हाक मारली.

त्यांनी टोपली उचलली. खरं तर ती हातात धरायची असते. त्यांनी पोर घेतात तशी कमरेवर घेतली.

“सर, ह्या तर टाकायच्याच हायत न्हवं?”

“हो.”

“मग एक...”

“मोजलेल्या आहेत, अंजनाबाई.”

“तुमीच मोजल्यात.”

मॅडम जेवायला गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. “उद्या बघू,” मी म्हणालो. “मॅडमशी मी पुन्हा एकदा बोलतो.” आणि मी पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. का, ते सांगतो. त्यांनी एखादी नळी पदरात टाकावी म्हणून. म्हणजे पोराला दही मिळेल, माझ्या हातून नियम मोडणार नाही, आणि उद्या बोंब झालीच तर चोरी त्यांच्या नावावर जाईल. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही, असं माझं शहाणपण. चांगली पाच मिनिटं मी बाहेरच्या पिंपळाची पानं बघत उभा होतो.

मागे कुकरचं झाकण पडल्याचा आवाज झाला. वळून पाहिलं तर अंजनाबाई एकेक स्क्रू आवळत होत्या. सगळे आवळून झाले, त्यांनी बर्नर पेटवला आणि जमिनीवर टेकल्या. मी हळूच जाऊन पाहिलं, आजूबाजूला एकही नळी नव्हती.

“सगळ्या घातल्या?” मी विचारलं.

“मोजा पायजे तर, थंड झाल्यावर.” मग दाबाचा काटा बघत म्हणाल्या, “तुमी पाट का फिरवली ते कळलं मला. पर सर, उचलली आसती तर चोरीच झाली आसती. आन् चोरी म्हटलं की पयलं नाव आमचंच. मागून मिळंल म्हनून मागितलं. चोरून न्हाई घालायची मला त्याच्या तोंडात.”

काटा वर गेला, वाफ सुटली, वीस मिनिटं झाली. थंड झाल्यावर मी खरोखरच मोजल्या. बारा भरल्या. मॅडमशी मी बोललो नाही. मंगळवारी त्या पुण्याला जायच्या होत्या, गडबडीत होत्या.

गुरुवारी सकाळी शालूबाई दारात आल्या. आत न येता म्हणाल्या, “अंजना आज येनार न्हाई. प्वार गेलं.”

आता तुम्ही म्हणाल, वाटीभर दह्याने ते पोर वाचलं असतं का? मला माहीत नाही. मॅडमनाही माहीत नाही. कदाचित नसतंच वाचलं. तेवढं अंग त्यात उरलं नव्हतं. हे मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. पण मागणारीनं जन्मात एकदा एक वस्तू मागितली होती, आणि ती वस्तू आम्ही शिजवून मोरीत ओतली. यापुढचं शास्त्र मला येत नाही.

मी वस्तीत गेलो. पुरून आले होते. पाळणा अजून टांगलेलाच होता. आम्रपाली भिंतीला टेकून बसली होती, दुधाने पोलकं भिजलेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं.

“सर, तुमच्याकडं आजून वाडतंय म्हनं त्याचं?”

मी होकाराची मान हलवली.

“जितं हाय?”

“हो.”

“किती दिस ऱ्हातं?”

“अन्न देत राहिलं तर... कितीही.”

तिने डोळे मिटून घेतले. मग रडायलाच लागली, मोठ्याने, जनावरासारखी, आणि अंजनाबाईंनी मला हाताने जा म्हणून खूण केली. मी चपला न घालताच बाहेर आलो, पुन्हा आत जायचं धाडस झालं नाही, शालूबाईंच्या धाकट्याने त्या रस्त्यावर आणून दिल्या.

पाचव्या दिवशी अंजनाबाई कामावर हजर झाल्या. जुलैत मॅडमनी त्यांना कायम केलं. पत्र मीच लिहिलं, सुंदर अक्षरात. त्यांनी ते घडी करून ब्लाउजात ठेवलं आणि पेढे वाटले नाहीत. कुणी मागितलेही नाहीत. दर पंधरा दिवसांनी सोमवार यायचा, मी एकतीस नंबरची बदली करायचो आणि जुन्या बारा नळ्या टोपलीत घालायचो. हाक मारायची गरज पडत नसे. त्या आधीच येऊन उभ्या राहिलेल्या असायच्या. टोपली मात्र पुन्हा कधी कमरेवर घेतली नाही.

सत्त्याण्णवच्या दिवाळीआधी दही बाजारात यायचं ठरलं. चाचण्या वगैरे सगळं रीतसर झालं होतं, मॅडमचा फोटो पेपरात आला होता. आबा खोकंभर डबे घेऊन स्वतः आले. पांढरे छोटे डबे, झाकणावर वल्लरीची मुलगी हसतेय, गालाला खळी. आमच्याच खोलीत टेबलं जोडली, भाषणं झाली. आबांनी तिथेच एक डबा उघडून चाटूनपुसून खाल्ला. या खेपेला चूळ भरली नाही. टेबलांवरून डबे मांडत फिरणाऱ्या अंजनाबाई त्यांना ओळखू आल्या नाहीत.

“घ्या, बाई, तुमीबी घ्या,” ते मोठ्या मनाने म्हणाले. “लाजू नगा. तान्ह्या लेकराच्या पोटातलं अमृत हाय ते.”

“घेते मागनं,” अंजनाबाई म्हणाल्या.

चार वाजता सगळे गेले. मॅडम आबांना गाडीपर्यंत पोचवायला गेल्या. मी माझ्या टेबलाशी बसून होतो. नियम तोच होता. खाल्लेले, उष्टे, उरलेले, सगळे डबे कुकरमध्ये शिजवूनच टाकायचे. अंजनाबाई टोपली घेऊन एकेक डबा गोळा करत माझ्यापर्यंत आल्या. माझ्यापुढचा डबा बंदच होता.

“सर, तुमी खाल्लं न्हाई?”

“नको वाटलं.”

“का? समदी चांगलं म्हनत व्हती.”

“अंजनाबाई, मला नाही जाणार ते.”

त्यांनी टोपली खाली ठेवली. डबा उचलला, झाकण सोलून काढलं, ती हसणारी मुलगी पालथी घालून बाजूला ठेवली. चमचा पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

“खावा,” त्या म्हणाल्या. “लेकराचं हाय. टाकू नये.”

मी खाल्लं. दही घट्ट होतं, आंबट अजिबात नव्हतं. त्या समोर उभ्या होत्या, पाणी विचारलं नाही, नजर हलवली नाही. तळाशी थोडं चिकटून राहिलं होतं, मी चमचा ठेवायला गेलो तर त्यांनी तिकडे बोट दाखवलं. तेही मी खरवडून खाल्लं. मग त्यांनी रिकामा डबा माझ्या हातातून घेतला, टोपलीत टाकला आणि बर्नर पेटवायला आत गेल्या.